सर्व्हर-प्रोसेसचा मेमरी-इशारा : आकड्याचा अर्थ आणि प्रतिसादाची रीत

२२ ऑक्टोबर २०१२ च्या सोमवारी ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या उत्तर व्हर्जिनियातील ईबीएस ही साठवण-सेवा अडखळू लागली आणि तिच्या आधारावर चालणारी रेडिट, फोरस्क्वेअर यांसारखी संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या निवेदनातील मूळ कारण आश्चर्य वाटावे इतके किरकोळ होते. साठवणीच्या प्रत्येक सर्व्हरवर देखभालीची आकडेवारी गोळा करून पाठवणारा एक दुय्यम एजंट चालत असे. ती आकडेवारी स्वीकारणारा एक सर्व्हर नादुरुस्त झाला म्हणून बदलण्यात आला. पण नव्या पत्त्याची डीएनएस नोंद सर्व अंतर्गत डीएनएस सर्व्हरांपर्यंत पोहोचली नाही. काही यंत्रांवरचे एजंट त्यामुळे जुन्याच, मृत पत्त्यावर हाका मारत राहिले. जोडणी अयशस्वी झाल्यावर काय करायचे, या भागात मेमरीची गळती दडलेली होती. ती हळूहळू वाढली आणि सोमवारी सकाळी ग्राहकांच्या विनंत्या हाताळण्यापुरतीही मेमरी उरली नाही.

या निवेदनातील एक कबुली या विषयाच्या मुळाशी जाणारी आहे. एकूण मेमरी-वापरावर देखरेख होती, तरी इशारा वाजला नाही. ईबीएसचे सर्व्हर आपली जवळजवळ सर्व मेमरी सतत वापरत असल्याने ‘किती मेमरी शिल्लक आहे’ या आकड्यावर नेमका इशारा लावणे अवघड होते. पुढे कंपनीने दोन सुधारणा जाहीर केल्या : प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीवर स्वतंत्र इशारा, आणि दुय्यम प्रोसेसना वापराची कमाल मर्यादा.

संपूर्ण यंत्राचा मेमरी-आकडा अशा रीतीने दोन्ही बाजूंनी फसवतो. सारे सुरळीत असताना तो मध्यरात्री उठवतो आणि खरी गळती चालू असताना गप्प राहतो. प्रोसेसनिहाय इशारा त्याहून उपयुक्त असतो; मात्र त्यातला आकडा नेमका कशाचा आहे, हे कळल्याशिवाय तोही तितकाच दिशाभूल करतो.

आकडा कशाचा आहे?

लिनक्सवरील एखाद्या प्रोसेसची मेमरी ‘किती’, या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे आहेत. पहिले उत्तर आभासी मेमरीचे. प्रोसेसने मागून ठेवलेला हा पत्त्यांचा विस्तार असतो. कर्नल प्रत्यक्ष पाने, बहुधा ४ केबी आकाराची, तेव्हाच देतो जेव्हा त्या पत्त्याला खरोखर हात लागतो. जावाची साधी सेवाही आभासी मेमरी अनेक जीबी दाखवते. या आकड्यावर इशारा लावणे म्हणजे एखाद्याच्या नावावरचा सात-बारा पाहून त्याच्या घरात आज धान्य किती आहे हे ठरवणे.

दुसरे उत्तर आरएसएसचे, म्हणजे या क्षणी प्रत्यक्ष रॅममध्ये असलेल्या पानांचे. बहुतेक इशारे याच आकड्यावर बेतलेले असतात आणि एकट्या प्रोसेसपुरते ते योग्यही आहे. पण आरएसएसमध्ये सामायिक पानेही धरली जातात, आणि ती वापरणाऱ्या प्रत्येक प्रोसेसच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण धरली जातात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस असते आणि साऱ्या प्रोसेस एकच सामायिक बफर वापरतात. तो बफर ८ जीबीचा असेल आणि शंभर जोडण्यांनी त्यातला मोठा भाग हाताळलेला असेल, तर त्या शंभर प्रोसेसच्या आरएसएसची बेरीज शेकडो जीबी भरेल. यंत्रात ६४ जीबीच रॅम असेल, तरीही. ही बेरीज पाहून घाबरलेले अभियंते थोडेथोडके नाहीत.

म्हणून २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२५ या आवृत्तीत पीएसएस हे तिसरे माप आले. सामायिक पान जितक्या प्रोसेस वापरत असतील तितक्या हिश्शांत ते विभागले जाते; त्यामुळे पीएसएसची बेरीज करता येते. २०१७ च्या ४.१४ आवृत्तीपासून हा आकडा ‘स्मॅप्स रोलअप’ या फाइलमध्ये एकत्रित मिळतो. या प्रोसेसला आता बंद केले तर किती मेमरी खरोखर परत मिळेल, हा प्रश्न असेल, तेव्हा केवळ तिच्याच मालकीची, म्हणजे खासगी पाने मोजावीत.

यंत्राच्या पातळीवरचा घोळ याहून जुना आहे. लिनक्स मोकळी रॅम रिकामी ठेवत नाही. वाचलेल्या फाइलींची पाने पेज कॅशमध्ये साठवतो आणि गरज पडताच ती सोडून देतो. रोज रात्री बॅकअप चालू झाला की हजारो फाइली वाचल्या जातात, कॅश फुगते, ‘मोकळी’ मेमरी जवळजवळ शून्यावर येते, आणि कॅशलाही ‘वापर’ समजणारा इशारा ठरल्या वेळी वाजतो. २०१४ मध्ये कर्नलच्या ३.१४ आवृत्तीने ‘मेमअव्हेलेबल’ हा अंदाज देण्यास सुरुवात केली : स्वॅपचा आधार न घेता नव्या कामाला किती मेमरी देता येईल? यंत्राच्या पातळीवर इशारा लावायचाच असेल तर तो या आकड्यावर लावावा. ‘फ्री’ या आज्ञेच्या उत्तरातही ‘फ्री’ हा रकाना सोडून ‘अव्हेलेबल’ हा रकाना वाचावा.

विंडोजवर मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर चालवणाऱ्यांचा अनुभव वेगळा नाही. त्याची ‘मॅक्स सर्व्हर मेमरी’ मूळ स्थितीत व्यवहारतः अमर्याद असते. तो वापरत जातो तशी मेमरी घेत जातो आणि विंडोजने तणाव कळवेपर्यंत सहसा परत करत नाही. तिथे ‘प्रोसेसने ९० टक्के मेमरी घेतली’ हा इशारा डेटाबेसची रोजची सवय सांगतो, इतकेच. मर्यादा आधी ठरवून द्यावी. मग इशाऱ्याला अर्थ येतो.

वाढ तीन प्रकारची

इशारा खरा आहे, प्रोसेसची मेमरी खरोखर वाढली आहे, असे धरू. तरीही तिला लगेच गळती म्हणू नये.

पहिला प्रकार घेतलेले परत न करण्याचा. प्रोग्रामने वस्तू मुक्त केली, तरी मधला मेमरी-वाटप करणारा थर ती पाने कर्नलला परत देईलच असे नाही. लिनक्सवरील ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीचा वाटपकार अनेक थ्रेडच्या सोयीसाठी वेगवेगळी ‘अरिना’ उघडतो. ६४-बिट यंत्रावर त्यांची मूळ कमाल संख्या कोअरच्या आठपट असते. १६ कोअरच्या सर्व्हरवर हा आकडा १२८ होतो. प्रत्येक अरिनात थोडी थोडी मेमरी अडकून राहिली, की कोडमध्ये एकही गळती नसताना आरएसएस चढलेला दिसतो. ‘मॅलॉक अरिना मॅक्स’ ही मर्यादा दोन किंवा चारवर आणून पाहणे, किंवा जेईमॅलॉकसारखा दुसरा वाटपकार वापरून पाहणे, हा येथे कोडच्या शिकारीपूर्वीचा स्वस्त प्रयोग आहे. असा आलेख चढतो आणि मग सपाट होतो. तो सपाट होणे हीच त्याची ओळख.

दुसरा प्रकार कामाबरोबर फुगण्याचा. महिनाअखेरचा अहवाल, एकदम वाढलेल्या जोडण्या, एखादी अवाढव्य फाइल. पोस्टग्रेएसक्यूएलचे ‘वर्क मेम’ हे माप येथे नेहमी गाफील पकडते, कारण ते संपूर्ण डेटाबेसला लागू नसून प्रत्येक क्वेरीतील प्रत्येक सॉर्ट किंवा हॅश क्रियेला लागू असते. मूळ ४ एमबी असलेले हे माप कोणी ‘अहवाल जलद व्हावेत’ म्हणून ६४ एमबी केले, आणि एका वेळी २०० जोडण्यांनी प्रत्येकी दोन सॉर्ट चालवले, तर हिशेब २५ जीबीपर्यंत जातो. बदल केल्याच्या दिवशी काहीच घडत नाही. घडते ते तीन आठवड्यांनी, पगाराच्या दिवशी. रेडिसमध्येही असाच एक प्रसंग येतो. डिस्कवर प्रत उतरवताना ती फोर्क करते, आणि त्या काळात लेखन भरपूर चालू असेल तर पानांच्या दुहेरी प्रती होत जाऊन मेमरीची गरज वाईटात वाईट स्थितीत दुपटीजवळ जाऊ शकते.

तिसरा प्रकार खरी गळती. तिची खूण शिखरावर दिसत नाही, तळाला दिसते. जावा, गो, पायथन यांसारख्या, आपली मेमरी आपणच झाडून घेणाऱ्या भाषांत आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो : चढ, सफाई, उतार. शिखरे उंच असणे स्वाभाविक आहे. प्रत्येक पूर्ण सफाईनंतरचा तळ आदल्या तळापेक्षा वर राहत असेल आणि हे दिवसेंदिवस, कामाचा भार तोच असताना, घडत असेल, तर वस्तू कुठेतरी धरून ठेवल्या जात आहेत. बहुतेक वेळा गुन्हेगार साधा असतो : कमाल मर्यादा न घातलेली कॅश, नोंदवून कधीच न काढलेला लिसनर, किंवा ॲमेझॉनच्या त्या एजंटप्रमाणे, अपयशाच्या वाटेवर सोडायला विसरलेले काहीतरी. अपयशाची वाट चाचण्यांत क्वचितच तुडवली जाते, म्हणून गळतीचा शोध तिथून सुरू करणे सहसा फायद्याचे ठरते.

जावाच्या बाबतीत एक भेद लक्षात ठेवावा लागतो. हीपचा सफाईनंतरचा तळ सपाट आहे, पण प्रोसेसचा आरएसएस चढतोच आहे, असे असेल तर हीपची कितीही चिरफाड केली तरी काही सापडणार नाही. वाढ हीपच्या बाहेर आहे : थ्रेडचे स्टॅक, मेटास्पेस, डायरेक्ट बफर, किंवा नेटिव्ह लायब्ररी. ‘नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग’ ही सोय याचसाठी आहे. मात्र ती प्रोसेस सुरू करतानाच चालू करावी लागते.

इशारा वाजल्यानंतर

न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे सव्वादोन म्हणजे पुण्यात सकाळचे पावणेबारा. ऑन-कॉल अभियंत्याला फोनने उठवले आहे आणि पडद्यावर ‘प्रोसेस मेमरी ८५ टक्के’ एवढेच लिहिलेले आहे. या क्षणी हात आपोआप रीस्टार्टकडे जातो. तो कधी कधी योग्यही असतो. पण रीस्टार्टने पुरावा नष्ट होतो आणि तोच इशारा चार दिवसांनी, बहुधा दुसऱ्याच कुणाला, पुन्हा उठवतो.

आधी पाहायचे ते कोणाला त्रास होतो आहे का. उत्तरे देण्याचा वेळ, चुकांचे प्रमाण, आणि मेमरीसाठी प्रोसेस ताटकळत आहेत का, हे पाहावे. या शेवटच्या प्रश्नाचे थेट उत्तर कर्नलच्या ४.२० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या डिसेंबरपासून, पीएसआय या सोयीने मिळते : गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत किती टक्के वेळ कामे मेमरीसाठी थांबून राहिली. जुन्या यंत्रांवर ‘व्हीएमस्टॅट’मधील स्वॅपच्या आत-बाहेर होणाऱ्या पानांचे रकाने हेच काम ओबडधोबडपणे करतात. स्वॅपमध्ये काही पाने पडून आहेत यात वाईट काही नाही. ती सतत ये-जा करत असतील तर यंत्र धापा टाकत आहे.

मग वेळ किती उरला आहे, ते. उपलब्ध मेमरी ६ जीबी आणि वाढ ताशी ३०० एमबी, तर हातात वीस तास आहेत. सकाळपर्यंत कोणाला उठवण्याचे कारण नाही. तीच वाढ मिनिटाला ३०० एमबी असेल तर वीस मिनिटे. ८५ टक्के हा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो.

वीस तास असतील तर पुरावा गोळा करावा. प्रोसेसची स्मॅप्स रोलअप फाइल, थ्रेडची संख्या, उघड्या फाइल व सॉकेटची संख्या, आणि शेवटची नवी आवृत्ती केव्हा चढवली त्याची वेळ, हे सारे दोन मिनिटांत जमते आणि निम्म्या वेळा उत्तर तिथेच असते. उघडे सॉकेट आणि मेमरी हातात हात घालून चढत असतील तर संशय जोडण्यांवर जातो. अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेले दोन नमुने एका नमुन्यापेक्षा कितीतरी बोलके असतात. जावात वस्तूंच्या वर्गवारीचा हिस्टोग्राम घ्यावा. फक्त ‘जिवंत’ वस्तू मागितल्या तर आधी पूर्ण सफाई होते आणि सेवा थबकते, हे ध्यानात ठेवावे. संपूर्ण हीप-डंप घ्यायचा असेल तर ते यंत्र आधी लोड बॅलन्सरमधून बाहेर काढावे, कारण डंप लिहून होईपर्यंत प्रोसेस गोठलेली राहते, आणि डिस्कवर हीपएवढी जागा आहे ना, ते पाहावे. डंपने डिस्क भरून दुसराच इशारा वाजवल्याचे किस्से या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहेत.

वीस मिनिटेच असतील तर रीस्टार्ट करावे, त्यात कमीपणा काही नाही. फक्त सर्व प्रतींना एकदम करू नये. एकाच वेळी सुरू झालेल्या दहा प्रती, सारख्याच भाराखाली, सारख्याच वेगाने गळतात आणि पुढच्या वेळी साधारण एकाच वेळी दम तोडतात. रीस्टार्ट तासातासाच्या अंतराने केले तर निदान पुढचा प्रसंग विखुरलेला येतो. जमल्यास एक प्रत भाराबाहेर काढून, न मारता, दिवसाच्या तपासासाठी राखून ठेवावी.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. पेज कॅश सक्तीने रिकामी करण्याची आज्ञा आलेख क्षणात देखणा करते. पण ती तपासणी-चाचणीसाठी दिलेली सोय आहे आणि तिच्यानंतर साऱ्या फाइली डिस्कवरून पुन्हा वाचाव्या लागतात. दुसरी म्हणजे, हीपची कमाल मर्यादा घाईने वाढवणे. खरी गळती असेल तर त्याने मरण फक्त पुढे ढकलले जाते, आणि कंटेनरची मर्यादा तीच राहिली असेल तर ते अलीकडेही येते.

कर्नलचा निवाडा

इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले, मेमरी संपली आणि परत मिळवण्यासारखे एकही पान उरले नाही, की कर्नल स्वतः निर्णय घेतो. ओओएम किलर प्रत्येक प्रोसेसला गुण देतो. ते मुख्यतः तिने व्यापलेल्या मेमरीवर ठरतात, आणि प्रशासकाने दिलेली उणे १००० ते अधिक १००० मधील दुरुस्ती त्यांत मिसळली जाते. सर्वाधिक गुणांच्या प्रोसेसला सिगकिल मिळतो. आवराआवरीची संधी मिळत नाही.

अडचण अशी की सर्वांत मोठी प्रोसेस दोषी असतेच असे नाही. डेटाबेसच्या सर्व्हरवर सर्वांत मोठा असतो तो डेटाबेस. गळणारा एखादा २ जीबीचा एजंट सुखरूप राहतो आणि बळी जातो निरपराध डेटाबेसचा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एका जोडणीची प्रोसेस जरी अशी मारली गेली, तरी सामायिक मेमरी बिघडली असण्याच्या शक्यतेमुळे मुख्य प्रोसेस उरलेल्या साऱ्या जोडण्या तोडते आणि डेटाबेस पुनर्प्राप्तीच्या मार्गाने पुन्हा उभा राहतो. एका वाढीव क्वेरीची शिक्षा दोनशे वापरकर्त्यांना होते. म्हणूनच त्याच्या अधिकृत दस्तऐवजात मुख्य प्रोसेसला उणे १००० देण्याचा आणि मेमरीचे अतिवाटप बंद ठेवण्याचा पर्याय सुचवलेला आहे. हे कवच मात्र प्रत्येक सेवेला वाटत सुटू नये. मारण्याजोगे कोणीच उरले नाही तर कर्नल स्वतःच कोसळतो.

कंटेनरमध्ये हा निवाडा यंत्राच्या आधी, कंटेनरच्या मर्यादेवरच होतो. यंत्रात ४० जीबी मोकळे असतानाही २ जीबीची मर्यादा गाठलेली प्रोसेस मारली जाते, आणि कुबरनेटिसमध्ये ‘ओओएमकिल्ड’ हे कारण व १३७ हा निर्गमन-अंक दिसतो. १३७ म्हणजे १२८ अधिक ९. सिगकिल मिळाला, एवढेच तो सांगतो. वेळेत बंद न झालेल्या प्रोसेसलाही तोच अंक मिळतो, म्हणून कारणाचा रकाना पाहिल्याशिवाय मेमरीला दोष देऊ नये. जावाच्या जुन्या आवृत्त्या कंटेनरची मर्यादा न पाहता संपूर्ण यंत्राची रॅम मोजत. जेडीके १० पासून आणि जेडीके ८ च्या १९१ व्या सुधारणेपासून हे सुधारले. आता काहीच न सांगितल्यास हीपची कमाल मर्यादा सहसा कंटेनरच्या मेमरीच्या चौथाई असते. ती कमी वाटते म्हणून अनेक जण हीपलाच पूर्ण २ जीबी देऊन मोकळे होतात आणि थ्रेड, मेटास्पेस व बफर यांनाही जागा लागते हे विसरतात. गो भाषेत १.१९ आवृत्तीपासून ‘गोमेमलिमिट’ ही सौम्य मर्यादा देता येते. ती कंटेनरच्या मर्यादेपेक्षा थोडी खाली ठेवावी.

इशारा लावताना

ज्या इशाऱ्यावर रात्री काही करण्यासारखे नाही, त्याने फोन वाजवू नये. त्यासाठी सकाळी वाचायची नोंद पुरेशी आहे. फोन वाजावा तो दोन प्रसंगी : मेमरीच्या तणावाने कामे प्रत्यक्ष खोळंबत असतील तेव्हा, किंवा सध्याच्या वेगाने ती काही तासांत संपणार असेल तेव्हा. प्रोमिथियसमधील ‘प्रेडिक्ट लिनियर’ हे फंक्शन दुसऱ्या प्रसंगासाठी वापरता येते. करवतीच्या दात्यांवर ते थेट लावले तर प्रत्येक चढावर ओरडेल, म्हणून आधी तळांचा आलेख काढावा आणि त्यावर लावावे. कुठलीही अट पाच-दहा मिनिटे टिकून राहिल्याशिवाय इशारा उठू नये.

प्रोसेसनिहाय उंबरठा सर्वांना एकच ठेवण्यात अर्थ नाही. डेटाबेसला ९० टक्के ही सामान्य अवस्था असू शकते; नोंदी पाठवणाऱ्या एजंटला ५०० एमबी हीच आणीबाणी. प्रत्येक प्रोसेसची तुलना तिच्या स्वतःच्या गेल्या काही आठवड्यांशी करावी. आणि दुय्यम प्रोसेसना, म्हणजे नोंदी गोळा करणाऱ्या, सुरक्षा तपासणाऱ्या, बॅकअप घेणाऱ्या साऱ्यांना, सिस्टिमडीच्या ‘मेमरी हाय’ व ‘मेमरी मॅक्स’ या मर्यादा घालाव्यात. पहिली ओलांडली तर प्रोसेस मंदावते, दुसरी ओलांडली आणि परत घेण्याजोगे काही उरले नसेल तर मारली जाते. आणि मारली जाते ती एकटी, शेजारच्या डेटाबेससह नव्हे.

गोळा केलेल्या पुराव्याबाबत परदेशी काम करणाऱ्या संघांना एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. हीप-डंप म्हणजे त्या क्षणीची प्रोसेसची संपूर्ण स्मृती असते. तीत ग्राहकांची नावे, सत्रांचे टोकन, डेटाबेसचे परवलीचे शब्द उघड्या स्वरूपात असू शकतात. लंडन किंवा फ्रँकफर्टमधील सर्व्हरचा डंप ‘सकाळी पुण्यातील सहकारी पाहतील’ म्हणून सामायिक फोल्डरमध्ये टाकणे म्हणजे युरोपातील किंवा ब्रिटनमधील वैयक्तिक माहिती देशाबाहेर पाठवणे ठरू शकते, आणि त्याला जीडीपीआरचे नियम लागू होतात. डंप त्याच विभागात, कूटबद्ध करून, मोजक्या माणसांना उघडता येईल असा ठेवावा. पुढच्या पाळीला हिस्टोग्राम, दोन वेळचे स्मॅप्स रोलअप आणि वाढीचा ताशी वेग एवढे सोपवले तरी बहुतेक वेळा तपास पुढे सरकतो. पाळी बदलतानाच्या टिपणात वेळ कोणत्या देशाची आहे तेही लिहावे. पुण्याचे पावणेबारा आणि न्यू जर्सीचे पावणेबारा यांत साडेनऊ तासांची मेमरी-वाढ सामावलेली असते.